फॉलिक ॲसिड : कर्कपेशींचे खाद्य आणि कर्करुग्णाचा आधार

गर्भवती स्त्रियांना आणि रक्तक्षयाच्या रुग्णांना सर्रास दिले जाणारे फॉलिक ॲसिड, म्हणजेच जीवनसत्त्व ब-९, कर्करोगाच्या उपचारात इतक्या परस्परविरोधी भूमिका बजावते की, ‘जीवनसत्त्वाच्या गोळीने निदान अपाय तरी होणार नाही’ ही घरोघरची समजूत तेथे टिकत नाही.

या जीवनसत्त्वाच्या शोधाचा आरंभ मुंबईतला आहे. १९२८ मध्ये येथे आलेल्या ब्रिटिश संशोधक ल्युसी विल्स यांनी कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या तीव्र रक्तक्षयाचा अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, असे १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखले गेले. १९४० च्या दशकात अमेरिकेतील लेडर्ली प्रयोगशाळेत, आंध्रात वाढलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव संशोधनप्रमुख असताना, ते कृत्रिमरीत्या तयार झाले. बोस्टनमधील सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, झालेल्या मुलांना त्याची संयुगे दिली, तेव्हा अस्थिमज्जेतील कर्कपेशी हटण्याऐवजी अधिकच वेगाने वाढताना दिसल्या. हा अनुभव क्लेशदायक होता. मात्र जे द्रव्य रोगाला पोसते त्याचे कार्य रोखले तर रोगही रोखता येईल, हा विचार त्यातूनच बळावला. सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेत बनलेले फॉलिक ॲसिडविरोधी औषध ‘ॲमिनोप्टेरिन’ फार्बर यांनी १६ गंभीर रुग्णबालकांना दिले आणि १० जणांच्या रोगाला उतार पडला. तो तात्पुरता ठरला, तरी जून १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनी ल्युकेमियावरील औषधोपचाराची वाट खुली केली. सुब्बाराव त्याच वर्षी ऑगस्टमध्ये निवर्तले. या इतिहासात त्यांचे नाव आजही जितके घेतले जायला हवे तितके घेतले जात नाही.

ॲमिनोप्टेरिनच्या जागी पुढे आलेले मेथोट्रेक्सेट आजही वापरात आहे. पेशी दुभंगण्यापूर्वी तिला डीएनएची नवी प्रत तयार करावी लागते, त्यासाठी लागणारा थायमिडीन हा घटक फॉलिक ॲसिडच्या कार्यक्षम रूपाविना बनत नाही, आणि ते रूप घडवणाऱ्या एन्झाइमला मेथोट्रेक्सेट अडवून धरते. अस्थिमज्जा, तोंड आणि आतड्याचे अस्तर येथील निरोगी पेशीही झपाट्याने दुभंगत असल्यामुळे त्यांनाही झळ बसते. म्हणून हाडांच्या कर्करोगात हे औषध मोठ्या मात्रेत दिल्यावर साधारण २४ तासांनी ‘ल्युकोव्होरिन’ सुरू केले जाते. हे फॉलिक ॲसिडचे असे रूप आहे की, त्याला अडलेल्या एन्झाइमची गरजच पडत नाही, आणि त्यामुळे निरोगी पेशी सावरतात.

हेच ल्युकोव्होरिन मोठ्या आतड्याच्या कर्करोगात फ्लुओरोयुरॅसिल या औषधाबरोबर दिले असता नेमके उलटे घडते : थायमिडीन बनवणाऱ्या एन्झाइमवरील त्या औषधाची पकड अधिक घट्ट होते आणि मारा तीव्र होतो. शरीरात गेल्यावर फ्लुओरोयुरॅसिलमध्ये रूपांतरित होणारी कॅपेसिटाबिनची गोळी रुग्ण घरीच घेतो. अशा वेळी कोणी आपुलकीने आणून दिलेल्या फॉलिक ॲसिडयुक्त गोळ्यांमुळे जुलाब, तोंड येणे यांसारखे त्रास वाढू शकतात, आणि डॉक्टरांना त्या गोळ्यांची कल्पना नसेल तर कारण शोधणे अवघड जाते.

पेमेट्रेक्सेडच्या बाबतीत मात्र जीवनसत्त्व टाळणे धोक्याचे ठरते. फुप्फुसाच्या कर्करोगात वापरले जाणारे हे औषधही फॉलिक ॲसिडच्या कार्यात अडथळा आणते, आणि ज्यांच्या शरीरात या जीवनसत्त्वाची मुळात कमतरता होती त्यांनाच त्याचे दुष्परिणाम अधिक भोगावे लागतात, असे सुरुवातीच्या चाचण्यांत आढळले. त्यामुळे पहिल्या मात्रेच्या सुमारे आठवडाभर आधीपासून रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड आणि दर नऊ आठवड्यांनी जीवनसत्त्व ब-१२ चे १००० मायक्रोग्रॅमचे इंजेक्शन हा उपचाराचाच भाग मानला गेला असून, फॉलिक ॲसिडची गोळी औषधाच्या शेवटच्या मात्रेनंतरही तीन आठवडे चालू ठेवली जाते.