तीन वर्षे आणि नऊ दिवस

१९९१ साली बँकेत माझी एक वेतनवाढ रोखली गेली, ती एका वकीलसाहेबांच्या मानापमानापायी. थकीत कर्जाच्या दाव्याची मुदत तीन वर्षांची. मी कागद चार महिने आधी दिले होते. मसुदा जिल्ह्याच्या वकिलांकडून तपासून घ्यावा, असे वरच्या कार्यालयाने कळवले आणि आमचे साहेब रुसले. "माझ्याबरोबर सनद घेतलेला तो! त्याने माझा मसुदा तपासायचा?" दावा नऊ दिवस उशिरा लागला. अपिलातला उशीर माफ होऊ शकतो, दाव्यातला नाही. मेमो मला मिळाला. साहेब पॅनेलवर तसेच.

ही उतरंड कायद्यातच आहे. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टने 'ज्येष्ठ' आणि 'इतर' असे दोन वर्ग केले. ज्येष्ठत्वासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये चक्क गुणपद्धत आणली, २०२५ मध्ये मोडीत काढली.

डॉक्टर १९९५ मध्ये ग्राहक कायद्याखाली आले. वकील मात्र १४ मे २०२४ च्या निकालाने त्यातून सुटले. अशिलाचे वकिलावर मोठे नियंत्रण असते, हे त्यामागचे एक कारण. वाचून हसू आले. चार महिने त्यांच्या ओसरीवर खेटे घालणाऱ्या माझे कसले नियंत्रण!

गैरवर्तनाची तक्रार बार कौन्सिलकडे करता येते. निष्काळजीपणाबद्दल दिवाणी दावाही लावता येतो; पण त्यालाही वकील हवाच. तेव्हा तालुक्याच्या बाररूममध्ये एकाकडे मी हळूच विषय काढला होता. त्यांनी चहा मागवला आणि पावसापाण्याच्या गोष्टी सुरू केल्या.