एकोणिसाव्या शतकांतील शोकपत्रिका

लग्नाची पत्रिका छापून आप्तेष्टांस पाठविण्याची रीत आपल्या नित्य परिचयाची आहे. परंतु एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडमध्यें मृत मनुष्याच्या स्मरणार्थही तितक्याच काळजीनें पत्रिका छापून घेत असत, हें पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. त्या पत्रिकेवर मृताचें नांव, वय व मृत्यूची तारीख असे आणि त्याखालीं बहुधा एक लहानशी कविता असे. हे कागदाचे तुकडे दिसावयास क्षुल्लक असले तरी त्या काळच्या सामान्य लोकांच्या सुखदुःखांची साक्ष त्यांत उतरली आहे.

प्रथम त्यांचें स्वरूप पाहूं. सुमारें तीन इंच रुंद व साडेचार इंच लांब असा जाड कागद, भोंवतीं काळी किनार, आणि वर ‘प्रेमळ स्मरणार्थ’ अशा अर्थाचे शब्द. किंमती पत्रिकांवर उठावाचें काम असे. धातूच्या ठशाखालीं जाड कागद दाबून चित्र वर उमटवीत, आणि कधीं कधीं मधला भाग कोरून काढून कागदाला जाळीदार लेसेचें रूप देत. ह्या चित्रांची एक ठराविक भाषा होती. मोडलेला खांब म्हणजे अकालीं खुंटलेलें आयुष्य; खालीं तोंड केलेली मशाल म्हणजे विझलेली प्राणज्योत; फांद्या जमिनीकडे लोंबणारा विलो वृक्ष म्हणजे शोक. लहान मुलाच्या पत्रिकेवर कोंकरूं किंवा फुलाची कळी काढीत, आणि तिला काळ्या रंगाऐवजीं पुष्कळदां पांढरा व रुपेरी रंग देत.

ही चाल इतकी कां फैलावली? याचीं कारणें अनेक आहेत. इ. स. १८४० सालीं रोलंड हिल याच्या योजनेप्रमाणें ब्रिटनमध्यें एका पेनीच्या टपालाची सुरुवात झाली व गरिबालाही दूरच्या नातलगास पत्र धाडणें शक्य झालें. १८६१ सालीं कागदावरील कर उठला व छपाईचें काम स्वस्त झालें. त्याच वर्षीं १४ डिसेंबर रोजीं व्हिक्टोरिया राणीचा पति प्रिन्स आल्बर्ट वारला. राणीनें १९०१ मध्यें स्वतःच्या मृत्यूपर्यंत शोकाचा काळा वेष सोडला नाहीं, आणि राजघराण्याचें पाहून प्रजेमध्यें शोकाचे निर्बंध अधिकच कडक झाले. पत्राच्या कागदावरील काळी किनार प्रथम रुंद असे व काळ लोटेल तशी ती अरुंद होत जाई. पाकीट हातीं पडतांच, तें फोडण्यापूर्वींच, त्या घरावर काय प्रसंग गुदरला आहे तें वाचणारास कळून येई.

आतां कवितांविषयीं. ह्या कविता बहुधा घरच्या माणसांनीं रचलेल्या नसत. छापखानदाराजवळ नमुन्यांचें पुस्तक असे. त्यांत आईसाठीं, बापासाठीं, पतीसाठीं, तान्ह्या मुलासाठीं निरनिराळीं कडवीं तयार असत व गिऱ्हाइकानें त्यांतून एक निवडावें. त्यामुळें त्याच चार ओळी शेंकडों पत्रिकांवर आढळतात. सुशिक्षितांनीं याची थट्टा केली. अमेरिकेंतील प्रसिद्ध विनोदी लेखक मार्क ट्वेन यानें १८७० सालीं फिलाडेल्फियाच्या एका वृत्तपत्रांत मृत्युवार्तांखालीं येणाऱ्या पद्यांवर एक उपहासपर लेख लिहिला. पुढें ‘हकलबेरी फिन’ या कादंबरींत त्यानें एमेलीन नांवाची एक मुलगी रंगविली. कोणी वारलें कीं ही तत्काळ त्यावर कविता करी!

ही थट्टा निराधार नव्हती. तथापि दुसरी बाजूही विचारांत घेतली पाहिजे. त्या काळीं इंग्लंडांत जन्मलेल्या दर हजार मुलांपैकीं सुमारें १५० मुलें पहिला वाढदिवस होण्यापूर्वींच दगावत. मजुराला मुलाच्या थडग्यावर दगड बसविण्याची ऐपत नसे, आणि अनेक परक्या माणसांच्या पेट्यांबरोबर त्याची पेटी एकाच खड्ड्यांत पुरली जाई. पुष्कळ पत्रिकांवर दफनभूमीचें नांव व कबरीचा क्रमांक छापलेला असतो, त्याचें महत्त्व येथें ध्यानांत येतें. माझें मूल कोठें आहे, या आईच्या प्रश्नाचें उत्तर तेवढ्या एका ओळींत सांठविलेलें असे. अशा आईनें उसने शब्द घेतले म्हणून तिला हंसणें योग्य नाहीं. अति दुःखाच्या वेळीं मनुष्य नवे शब्द शोधीत बसत नाहीं; पूर्वीं दुसऱ्यांनीं ज्यांचा आधार घेतला त्यांचाच तोही घेतो. आपल्याकडे अशा प्रसंगीं अभंग किंवा स्तोत्रें म्हणतात तीं तरी कोठें प्रत्येकानें स्वतः रचलेलीं असतात?

एखादा मोठा अपघात झाला म्हणजे अशा पत्रिका व कविता घराबाहेर पडून सार्वजनिक होत. १६ जानेवारी १८६२ रोजीं हार्टले येथील कोळशाच्या खाणींत पाणी उपसणाऱ्या यंत्राची प्रचंड लोखंडी तुळई मोडून खाणीच्या तोंडांत कोसळली. बाहेर येण्यास तेवढी एकच वाट होती. तींत २०४ पुरुष व मुलगे प्राणांस मुकले. स्वतः खाणींत काम केलेला कवि जोसेफ स्किप्सी यानें त्यावर पोवाडा रचला. महिनाभरापूर्वींच विधवा झालेल्या राणीनें त्या कुटुंबांस सहानुभूतीचा संदेश पाठविला. त्याच वर्षीं खाणींना बाहेर पडण्याच्या दोन वाटा असल्याच पाहिजेत असा कायदा झाला.

दुसरा प्रसंग याहूनही हृदयद्रावक आहे. १६ जून १८८३ रोजीं संडरलंड शहरांतील व्हिक्टोरिया हॉलमध्यें मुलांसाठीं जादूचे खेळ होते. शेवटीं बक्षिसें वांटूं लागतांच वरच्या गॅलरींतील शेंकडों मुलें जिन्यावरून खालीं धांवलीं. तळाचें दार आंत उघडणारें असून एका वेळीं एकच मूल जाईल इतक्याच फटीवर तें खिळीनें अडकविलेलें होतें. त्या चेंगराचेंगरींत १८३ मुलें गुदमरून मरण पावलीं. त्यांच्या स्मरणार्थ पत्रिका छापल्या गेल्या, कविता लिहिल्या गेल्या, आणि लोकांच्या वर्गणींतून मृत बालक मांडीवर घेतलेल्या मातेचा पुतळा उभारण्यांत आला. पुढें सार्वजनिक इमारतींचीं दारें बाहेर उघडणारीं असावींत असे नियम झाले, आणि १८९२ सालीं रॉबर्ट ब्रिग्ज यानें आंतून नुसतें ढकलतांच उघडणाऱ्या अडसराचें पेटंट घेतलें. आजही नाटकगृहांत व सिनेमागृहांत असा आडवा दांडा दिसतो.

पुढें ह्या चालीचा अतिरेकही झाला. फुटबॉलच्या सामन्यांत हरलेल्या संघाच्या ‘मृत्यू’च्या काळ्या किनारीच्या पत्रिका गंमत म्हणून विकूं लागले! १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत मात्र घरोघर इतके मृत्यु झाले कीं शोकाचे जुने विस्तृत शिष्टाचार पाळणें अशक्य झालें व ते हळूहळू मागें पडले. आयर्लंडांत स्मरणपत्रिकांची चाल अद्याप आहे. आपल्या मराठी वृत्तपत्रांतही पुण्यस्मरणाच्या चौकटींत छायाचित्राखालीं दोन-चार ओळी छापतात. त्यांमागील भावना हीच.

आज ह्या जुन्या पत्रिका संग्रहालयांत ठेवलेल्या असतात, आणि आपल्या कुळाचा इतिहास शोधणारे लोक त्यांवरील कबरीच्या क्रमांकावरून पूर्वजांचा ठाव काढतात. विद्यार्थिमित्रांनो, तुमच्याही घरच्या जुन्या पेटींत अशीं कांहीं पत्रें किंवा कात्रणें असतील. तीं फेंकून देण्यापूर्वीं वडील माणसांस त्यांतील नांवें विचारा, व मागच्या बाजूस तीं स्वच्छ अक्षरांत लिहून ठेवा. ज्याचें नांव विचारावयास कोणी उरलें नाहीं, त्याचा इतिहास कोणालाही लिहितां येत नाहीं.