विश्लेषण : सिद्धार्थ देसाईचा भाव का चढला, का उतरला?

महाड-पोलादपूरच्या गावोगावी कबड्डीचे सामने रंगतात. तिथल्या अनेक चढाईपटूंचे स्वप्न एकच, प्रो कबड्डी. मात्र या लीगमध्ये पैसा किती बेभरवशाचा असतो, हे कोल्हापूरच्या सिद्धार्थ देसाईच्या कारकीर्दीतून दिसते.

सुरुवात कशी झाली?
सिद्धार्थ चंदगड तालुक्यातील हुंदळेवाडीचा. थोरला भाऊ सूरजही कबड्डीपटू. २०१८ मध्ये सहाव्या हंगामासाठी यू मुंबाने त्याला ३६.४ लाख रुपयांना घेतले. पदार्पणातच त्याने २१ सामन्यांत चढाईचे २१८ गुण मिळवले, म्हणजे सामन्यामागे दहाहून जास्त.

भाव कसा वाढला?
चढाई फक्त ३० सेकंदांची. समोर सात जणांचा बचाव. त्यातून सातत्याने गुण आणणारा खेळाडू दुर्मीळ असतो, त्यामुळे त्याच्यासाठी संघांत चुरस होते. २०१९ च्या लिलावात तेलुगू टायटन्सने सिद्धार्थसाठी १.४५ कोटी मोजले. त्या लिलावातली ती सर्वांत मोठी बोली होती. त्यानेही २२ सामन्यांत २१७ गुण मिळवले.

मग घसरण का?
आठव्या हंगामात टायटन्सने त्याला १.३० कोटींना राखले. पण दुखापतीमुळे बहुतेक सामन्यांना तो मुकला. पुढच्याच लिलावात बोली २० लाखांवर आली. तो पुन्हा मैदानात उतरला, लय सापडली आणि २०२३ मध्ये हरियाणा स्टीलर्सने एक कोटी दिले. तो संघ अंतिम फेरीत पुणेरी पलटणकडून २५-२८ असा हरला. त्यानंतर दबंग दिल्लीने त्याला २६ लाखांत घेतले.

गावच्या खेळाडूने काय लक्षात घ्यावे?
लिलावातली रक्कम हंगामापुरती असते, पगारासारखी कायमची नाही. बचावपटूंची साखळी अंगावर येते तेव्हा खांदे, गुडघे, घोटे पणाला लागतात. एक दुखापत भाव पाडू शकते. म्हणून दुसरी वाटही हाताशी हवी. राज्य शासनाच्या नोकरभरतीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धांची प्रमाणपत्रे लागतात, गावच्या मंडळाच्या चषकावर काम भागत नाही. त्यामुळे जिल्हा संघाची निवड चाचणी चुकवू नये आणि प्रत्येक प्रमाणपत्र जपून ठेवावे.