स्वमग्न बालकांसाठी भावनाभिज्ञानाचे संगणकीय खेळ

चेहरा, आवाज व हावभाव यांवरून दुसऱ्याच्या मनातील भावना ओळखण्याचा सराव स्वमग्न बालकांना मिळावा, म्हणून योजिलेले संगणकावरील वा भ्रमणध्वनीवरील खेळ. स्वमग्नता अथवा ऑटिझम ही मेंदूच्या विकासातील भिन्नता असून तीमुळे संज्ञापन, सामाजिक व्यवहार व वर्तन यांवर परिणाम होतो. अमेरिकन बालमनोविकारतज्ञ लिओ कॅनर (१८९४–१९८१) यांनी १९४३ मध्ये अकरा बालकांच्या निरीक्षणावरून केलेले वर्णन या विषयाच्या अभ्यासाचा पाया ठरले.

पुष्कळ स्वमग्न बालके समोरच्याच्या डोळ्यांकडे कमी पाहतात. शिवाय प्रत्यक्ष व्यवहारात चेहरा क्षणोक्षणी बदलतो. खेळात तोच चेहरा हवा तितका वेळ स्थिर राहतो, नियम बदलत नाहीत आणि चूक झाल्यास कोणी रागावत नाही. प्रथम हर्ष, दुःख, क्रोध, भय, आश्चर्य व घृणा या मूलभूत भावनांची छायाचित्रे, नंतर चलच्चित्रे आणि अखेरीस ‘असे का वाटले असेल?’ हे विचारणारे प्रसंग, असा सामान्यतः क्रम असतो.

केंब्रिज येथे सायमन बॅरन-कोहेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ‘माइंड रीडिंग’ हा ४१२ भावनांचा सचित्र संगणकीय कोश सिद्ध केला. त्यांच्याच ‘द ट्रान्सपोर्टर्स’ या चित्रमालिकेत रुळांवरून वा तारांवरून धावणाऱ्या वाहनांना खऱ्या माणसांचे चेहरे बसविले आहेत. ठरावीक मार्गाने होणारी हालचाल अनेक स्वमग्न बालकांना आवडते, हे त्यामागील तत्त्व होय. चार ते सात वर्षांच्या बालकांनी ही मालिका चार आठवडे पाहिल्यावर त्यांचे भावनाभिज्ञान सुधारल्याचे २०१० मध्ये नमूद झाले. तथापि बौद्धिक क्षमता कमी असलेल्या लहान बालकांवरील २०१२ च्या ऑस्ट्रेलियन चाचणीत तिचा परिणाम मर्यादित आढळला.

या खेळांपुढील मुख्य प्रश्न संक्रमणाचा आहे. पडद्यावर अचूक उत्तर देणारे बालक घरी आईचा थकलेला चेहरा ओळखेलच, असे नाही. माणसे स्वसमूहातील व्यक्तींच्या भावना अधिक अचूक ओळखतात, असे २००२ मधील एका व्यापक आढाव्यात दिसून आले. त्यामुळे परदेशी चेहरे व इंग्रजी शब्द यांवर आधारलेला खेळ मराठी बालकास अपुरा पडण्याचा संभव आहे. ‘रुसवा’ किंवा ‘लटका राग’ यांना तर मूलभूत भावनांच्या यादीत स्थानच नाही. लटक्या रागात कपाळावर आठी असते, पण डोळ्यांत माया असते.

महाराष्ट्रात या दिशेचा निकटचा प्रयत्न म्हणजे मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत तयार झालेली ‘जेलो’ ही चित्रसंज्ञापन-प्रणाली. ती मराठीतही असून आवडते, नावडते, हवे, नको यांसारखे भाव चित्रावर बोट ठेवून सांगता येतात. ती भावना ओळखण्याचा खेळ नव्हे. तिने बालकाला स्वतःची भावना व्यक्त करता येते. ही दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये दाखविल्याप्रमाणे गैरसमज दुहेरी असतो. इतरांनाही स्वमग्न व्यक्तीचे भाव वाचता येत नाहीत.

दिव्यांग हक्क अधिनियम, २०१६ मध्ये स्वमग्नतेचा समावेश आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमानुसार (२०१३) अंगणवाड्यांत व शाळांत विकासविलंबाची तपासणी होते. परंतु निदानानंतरचे नित्य शिक्षण घरीच घडावे लागते. वर्धा जिल्ह्यातील आर्वीसारख्या तालुक्याच्या ठिकाणी पालकांना महागड्या साधनांवाचूनही आरंभ करता येईल. भ्रमणध्वनीवर घरच्यांचीच छायाचित्रे घ्यावीत : तान्ह्या पोळ्यात लाकडी बैल सजविताना झालेला हर्ष, तो कोणी ओढून नेल्यावर आलेला राग, आजीचा रुसवा. चित्रातील भाव त्याच दिवशी प्रत्यक्ष चेहऱ्यावर दाखवावा. सराव थोडा वेळ व बालकाच्या कलाने असावा. डोळ्यांत पाहण्याची सक्ती करू नये. खेळातील गुणांपेक्षा घरातल्या माणसांशी बालकाचे, आणि बालकाशी घरातल्या माणसांचे, किती जुळले यावरून यशाचे मोजमाप करावे.