ठिणगीची डबी आणि तिचा ताप

जुन्या मोटारी जिवापाड जपणाऱ्या मंडळींत एक तक्रार वारंवार ऐकू येते. गाडी सकाळी पहिल्याच झटक्यास सुरू होते, वीस-पंचवीस मैल निमूटपणे धावते आणि मग सपाट रस्त्यावर, काही कारण नसता, इंजिन अकस्मात मूक होते. झाकण उघडून पाहावे तो सर्व काही यथास्थित. अर्धा तास कडेला थांबावे, की तीच गाडी जणू काही घडलेच नाही अशा साळसूदपणे पुन्हा सुरू होते! ह्या लहरीचे खापर बहुधा पेट्रोलच्या नळीत धरलेल्या वाफेवर किंवा पंपावर फुटते. कधी तो आरोप खराही असतो. परंतु १९७० नंतरच्या पुष्कळ विलायती गाड्यांत खरा अपराधी असतो तो मुठीत मावेल एवढ्या ॲल्युमिनियमच्या एका डबीत दडलेला.

जुनी अँबॅसिडर किंवा फियाट चालविलेल्या वाचकांस सी.बी. पॉइंट हा शब्द परका नाही. डिस्ट्रिब्यूटरमधील ती दोन टोके मिटली की कॉइलमध्ये प्रवाह खेळतो. उघडली की तो तुटतो आणि त्या तुटण्याच्या धक्क्याने कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब निर्माण होऊन प्लगमध्ये ठिणगी पडते. अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग ह्यांनी १९१०च्या सुमारास रूढ केलेली ही युक्ती साठ वर्षे निर्वेधपणे चालली. टोके काजळली तर काचकागदाने घासावीत, एवढाच तिचा उपचार.

इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीच्या जग्वार कारखान्याने १९७१ साली ई-टाइप गाडीत बारा सिलिंडरांचे ५.३ लिटरचे इंजिन बसविले, तेव्हा मात्र ही युक्ती अपुरी पडू लागली. हिशेब सोपा आहे. अशा इंजिनास प्रत्येक फेऱ्यात सहा ठिणग्या लागतात. मिनिटास सहा हजार फेरे झाले तर ३६,००० ठिणग्या, म्हणजे सेकंदास ६००. टंगस्टनच्या टोकांनी इतक्या वेगाने उघडझाप कशी करावी? म्हणून ल्यूकस कंपनीची ‘ओपस’ ही इलेक्ट्रॉनिक पद्धती आली. तीत टोकांऐवजी ट्रान्झिस्टर प्रवाह तोडतो. झिजण्यासारखे काही नाही, घासण्यासारखे काही नाही. कल्पना निःसंशय उत्तम! पण ती डबी ई-टाइपमध्ये बसविली कोठे, तर इंजिनाच्या दोन बाजूंमधील खोबणीत, जेथे सर्वाधिक ताप. उष्णतेने बेजार होणाऱ्या वस्तूस चुलीच्या तोंडाशी बसविण्याचाच हा प्रकार होय. पुढे ती पुढील बाजूस, हवा लागेल अशा जागी हलविण्यात आली, ती उगीच नव्हे.

ताप दोन वाटांनी घात करतो. ट्रान्झिस्टर तापला की बंद असतानाही त्यातून प्रवाह पाझरू लागतो, आणि त्यामुळे तो अधिकच तापतो. दुसरे असे की, वर्षानुवर्षे तापून फुगणे व निवून आकसणे ह्यामुळे डाखाच्या सांध्यांना केसाएवढ्या चिरा पडतात. थंड असता चीर जुळलेली असते, तापली की उघडते. अर्ध्या तासाच्या विश्रांतीचे रहस्य ते हेच.

ही केवळ गैरसोय नव्हे. धावत्या गाडीचे इंजिन थांबले की स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकला मिळणारे साहाय्य एकदोन दाबांतच संपते. रात्रीच्या वेळी मागून ट्रक येत असता ह्याचा अर्थ काय, हे सांगणे नको.

तथापि डबीस दोषी ठरविण्याची घाई करू नये. माझ्या मते नाहक फेकल्या गेलेल्या डब्या थोड्याथोडक्या नसतील. गाडी बंद पडताच, ती निवण्यापूर्वी, एक जादा प्लग इंजिनाच्या धातूस चिमट्याने घट्ट जोडून ठिणगी पडते का ते पाहावे. तो हातात धरू नये आणि पेट्रोलची वाफ असेल तेथे हे करूच नये. ठिणगी पडत असेल तर दोष पेट्रोलच्या बाजूस आहे. नसेल तर कॉइलला बॅटरीचा पूर्ण दाब मिळतो का, डबीची अर्थिंग गंजली तर नाही ना, हे तपासावे. ओपसनंतरच्या, १९८०च्या दशकातील ‘एबी १४’ डबीच्या पद्धतीत डिस्ट्रिब्यूटरमधील पिक-अप कॉइलचा रोध सुमारे दोन ते पाच हजार ओहम भरावा. मोजताना तिची वायर हळूच हलवावी. तिचे आवरण तापाने तडकलेले असते आणि आतील तार तुटक असते. मग शिक्षा मात्र डबीस होते. हे सर्व ठीक असेल, तर थंड इंजिन सुरू करून केवळ डबीवर केस वाळविण्याच्या यंत्राची गरम हवा सोडावी. इंजिन बंद पडले तर निकाल लागला.

‘एबी १४’ उघडून पाहणारास एक गंमत आढळते. ल्यूकसच्या डबीत जनरल मोटर्सच्या अमेरिकन गाड्यांत लाखोंनी वापरलेला चार टोकांचा साधा मॉड्यूल बसलेला असतो! संपूर्ण डबीच्या मानाने तो फारच स्वस्त मिळतो. बॅटरीची तार काढून ठेवावी, जुना मॉड्यूल सोडवावा आणि त्याखालील वाळून खपली झालेला पांढरा लेप साफ खरवडून काढावा. हा लेप, म्हणजे थर्मल पेस्ट, मॉड्यूलचा ताप डबीच्या धातूत उतरवितो. तो न लावता बसविलेला नवा मॉड्यूल फार दिवस टिकत नाही. म्हणून नव्या लेपाचा पातळ, सलग थर द्यावा आणि स्क्रू घट्ट आवळावेत, कारण मॉड्यूलची अर्थिंगही त्यांच्याद्वारेच होते. पिक-अपच्या दोन तारांची अदलाबदल होऊ देऊ नये. झाली तरी इंजिन चालते, पण ठिणगीची वेळ चुकते आणि मालक नव्या कोड्यात पडतो.

ओपसचे तसे नाही. तिच्यातील मूळ मंडल दुरुस्त करणे कठीण आणि केले तरी पुन्हा बिघडण्याची भीती. पुष्कळ जाणकार जुन्या डबीचे कवच तसेच ठेवून आत आजच्या काळातील मंडल बसवितात. कर्मठ संग्राहक ह्यास नाके मुरडतात खरे. परंतु गाडी रस्त्यावर चालवावयाची असेल तर मला हीच तडजोड शहाणपणाची वाटते. मात्र नवे मंडल व कॉइल परस्परांस साजेशी असावीत, आणि डबी त्या खोबणीत परत न ठेवता पुढे, वाऱ्याच्या वाटेवर बसवावी.