'आप' म्हणणारी माणसे

दुसऱ्याशी नीट बोलता यावे म्हणून मनुष्य शब्द वेचतो, उच्चार सुधारतो, प्रसंगी वक्तृत्वाचे धडेही घेतो. परंतु तोंड उघडण्यापूर्वीच आपण स्वतःला कोणत्या पायरीवर आणि समोरच्या इसमाला कोणत्या पायरीवर उभे केले आहे, याची चौकशी तो सहसा करीत नाही. ही चौकशी एका अख्ख्या समाजाने केल्याचा दाखला तेव्हाच्या पश्चिम खानदेशात, म्हणजे आजच्या नंदुरबार जिल्ह्यात आहे. तळोदे तालुक्यातील मोरवड येथे १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस गुलाम महाराज या भिल्ल सत्पुरुषाने आपल्या समाजाला दारू सोडण्याचा आणि परस्परांस 'आप' म्हणण्याचा उपदेश केला. सोमवारच्या आरतीला लोक लोटू लागले. १९३८ साली महाराजांचे निधन झाले, तरी त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी ही परंपरा पुढे चालविली.

सावकाराच्या पेढीवर आणि सरकारी कचेरीत ज्यांच्या वाट्याला बहुधा 'अरे' आणि 'ए' हीच हाक येई, त्यांनी आदराची भाषा मालकांकडे मागितली नाही; ती त्यांनी आधी आपसांत सुरू केली, यातच मला महाराजांची विलक्षण दृष्टी दिसते. वर्षानुवर्षे खालच्या आवाजात हाकारला गेलेला मनुष्य घरी आला की तोच आवाज आपल्याहून दुबळ्यावर काढतो, आणि हे त्याच्या ध्यानीही येत नाही. 'आप' म्हणण्याचा नेम पत्करला म्हणजे मात्र ओठांवर आलेला 'ए' क्षणभर अडतो, आणि त्या क्षणी बोलणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू येतो. दारूबंदीची जोडही याच दृष्टीने अर्थपूर्ण आहे. नशेत मनुष्य प्रथम मुकतो तो स्वतःच्या शब्दांवरील पहाऱ्याला.

हा पहारा आज आपल्यालाही हवा आहे. धडगावच्या डोंगरातून उतरलेली, पावरी बोलणारी एखादी बाई दवाखान्याच्या खिडकीशी उभी असते. "जेवणानंतर घ्यायच्या, कळलं ना?" या प्रश्नावर ती मान हलविते, दुसऱ्यांदा विचारले की पुन्हा तशीच हलविते, आणि खिडकीआडचा आवाज चढतो. आवाज चढला की बहुतेकजण समोरच्याच्या अज्ञानाकडे बोट दाखवितात. वस्तुतः त्याच वेळी आपल्या मनाची झडती घ्यावी : रांग लांबली म्हणून मी उतावीळ झालो आहे, की माझे सांगणे पोहोचले नाही याचा मला अपमान वाटतो आहे, की तिचा होकार हा केवळ भीतीचा होकार आहे हे मला दिसूनही बघायचे नाही? कारण सापडले की आवाज बहुधा आपोआप उतरतो; मग "मावशी, घरी गेल्यावर गोळी केव्हा घ्याल, ते मला सांगा बरं," असे विचारता येते, आणि पहाटे उपाशीपोटी शेतावर जाणाऱ्या त्या बाईला आपले पहिले जेवण किती वाजता होते, हे सांगायला वाव मिळतो.