बर्फाने पाडली जाळी, जाळीत उगवली त्वचा!

दोस्तांनो, सायकलवरून पडून एकदाही गुडघा फुटला नाही, असं कुणी आहे का तुमच्या वर्गात? नसेलच! गुडघा फुटतो, रक्त येतं, आई ओरडते. दोन दिवसांनी खपली धरते. (ती काढायची नसते, तरी आपण काढतोच!) आणि पंधरा दिवसांत नवी त्वचा हजर. ना टाका, ना ठिगळ.

मग भाजलेल्या माणसाचं काय? त्याचीही त्वचा अशीच का येत नाही?

दोन मजली घर

आपली त्वचा म्हणजे दोन मजली घर समजा. वरचा मजला बाह्यत्वचेचा. तो कागदासारखा पातळ असतो. त्याच्या पेशी रोज झडतात आणि खालून नव्या येतात. खालचा मजला अंतस्त्वचेचा. तो जाड आणि चिवट. रक्तवाहिन्या, मज्जातंतू, घामाच्या ग्रंथी, केसांची मुळं, सगळं बिऱ्हाड इथेच राहतं. आणि हा मजला उभा असतो तो 'कोलॅजेन' नावाच्या प्रथिनाच्या धाग्यांवर.

साधं खरचटलं की बहुतेक वरच्याच मजल्याचं नुकसान होतं. ते भरून निघतं. पण खोल भाजलं तर खालचा मजलाही जळतो, आणि खरी अडचण इथे आहे. मोठ्या माणसाच्या शरीराला अंतस्त्वचा पुन्हा बांधता येत नाही. मग शरीर काय करतं? जखमेच्या कडा आत ओढून घेतं आणि उरलेल्या जागी घाईघाईने वण भरतं. वण टणक असतो, आखडतो. मानेवर असेल तर मान वळत नाही, कोपरावर असेल तर हात सरळ होत नाही.

पण ही झाली नंतरची गोष्ट. त्याआधी जीव वाचायला हवा. त्वचा नसली की अंगातलं पाणी बाहेर झिरपतं आणि बाहेरचे जंतू आत शिरतात. म्हणून जखम लवकर झाकणं हाच खरा उपाय.

पुण्याची एक जुनी गोष्ट

एका जागची त्वचा दुसरीकडे लावण्याची विद्या आपल्याकडे फार जुनी. गालाच्या त्वचेने नाक कसं दुरुस्त करावं, हे सुश्रुतसंहितेत दिलंय. १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये एक पत्र छापून आलं. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणाऱ्या कावसजी नावाच्या मराठी माणसाचं नाक टिपू सुलतानाच्या कैदेत कापलं गेलं होतं. पुण्याजवळच्या एका कारागिराने त्याच्या कपाळाची त्वचा खाली वळवून त्याला नवं नाक करून दिलं! हे वाचून विलायतेचे डॉक्टर चकितच झाले.

पण नाक एवढंसं. ज्याचं निम्म्याहून जास्त अंग भाजलंय, त्याला लावायला त्वचा आणायची कुठून? दुसऱ्याची लावली तर काही आठवड्यांत शरीर ती नाकारतं. ती तात्पुरती झाकण म्हणून उपयोगी पडते, कायमची नाही.

फसलेला प्रयोग

हाच प्रश्न अमेरिकेत बोस्टनच्या जॉन बर्क या सर्जनना छळत होता. १९६९ च्या सुमारास त्यांची गाठ पडली आयोनिस यानस यांच्याशी. यानस अथेन्सचे, एमआयटी या प्रख्यात संस्थेत शिकवणारे, आणि डॉक्टर मुळीच नव्हेत! त्यांचा विषय होता पॉलिमर, म्हणजे छोट्या छोट्या रेणूंच्या कड्या जोडून झालेल्या लांबलचक साखळ्या. नायलॉन हा पॉलिमर. कापूस आणि रेशीम हेही पॉलिमरच, पण निसर्गाने केलेले. आणि आपलं कोलॅजेनसुद्धा!

जखम लवकर मिटवणारं आच्छादन शोधायचं, असं दोघांनी ठरवलं. गिनिपिगांवर एकेक पदार्थ लावून पाहिला. जखम काही लवकर भरेना. मग कोलॅजेनपासून केलेला एक पदार्थ लावला, तर जखम मिटायला उलट जास्तच वेळ लागू लागला!

तुम्ही-आम्ही काय केलं असतं? वैतागून तो तुकडा फेकून दिला असता. यानस यांनी मात्र विचार केला, उशीर होतोय तो का? नीट पाहिल्यावर कळलं, की जखमेच्या कडा आखडायच्या थांबल्या होत्या. आणि त्या उशिराच्या काळात तिथे वण न येता अंतस्त्वचेसारखी नवी त्वचा तयार होत होती! फसलेल्या प्रयोगातच उत्तर लपलेलं होतं.

जाळी कशी करतात?

आता कृती ऐका. गुरांच्या शरीरातलं कोलॅजेन घ्यायचं. (सुतारकाका लाकूड चिकटवायला सरस वापरायचे ना? तो म्हणजे कातडी-हाडं उकळून काढलेलं कोलॅजेनच.) त्यात शार्क माशाच्या कूर्चेतून काढलेला आणखी एक नैसर्गिक पॉलिमर मिसळायचा. आपल्या कोकणातली मुशी याच शार्कच्या कुळातली बरं का! हे पातळ मिश्रण गोठवायचं, म्हणजे आत बर्फाचे बारीक स्फटिक होतात. मग हवा काढून घेतलेल्या पेटीत ठेवलं की बर्फ न वितळताच वाफ होऊन उडून जातो. जिथे बर्फ होता तिथे राहतात नुसती छिद्रं. ढोकळ्याला जाळी पडते ना, अगदी तशी! फक्त ही छिद्रं केसाच्या जाडीएवढी किंवा त्याहूनही लहान असतात.

या जाळीवर वरून सिलिकॉनचा पातळ पापुद्रा लावतात. तो पाणी आणि जंतू अडवतो. हे दुहेरी कापड स्वच्छ केलेल्या जखमेवर घट्ट बसवलं, की खालून रक्तवाहिन्या आणि पेशी छिद्रांत शिरतात आणि स्वतःचं कोलॅजेन विणू लागतात. स्लॅब घालताना खाली सेंटरिंगच्या फळ्या लावलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. स्लॅब पक्का झाला की फळ्या काढतात. या जाळीचं कामही तेच. पण ती काढावी लागत नाही, शरीरच ती हळूहळू विरघळवून टाकतं.

यात वेळेचा हिशेब मात्र चोख हवा. जाळी लवकर विरघळली तर पेशींना आधार उरत नाही. फार टिकली तर तीच अडथळा होते. म्हणून कोलॅजेनचे धागे एकमेकांना किती घट्ट बांधायचे, हे आधीच ठरवावं लागतं.

दोन-तीन आठवड्यांत खालचा मजला तयार झाला, की सिलिकॉनचा पापुद्रा सोलून काढतात आणि त्यावर रोग्याच्याच बाह्यत्वचेचा अगदी पातळ थर लावतात. थर पातळ असल्याने जिथून तो घेतला ती जागाही लवकर भरते आणि तिथून पुन्हा घेता येतो.

१९७९ मध्ये निम्म्याहून अधिक अंग भाजलेल्या एका बाईंवर हा उपाय पहिल्यांदा झाला. १९८१ साली बर्क आणि यानस यांनी अशा दहा रोग्यांची हकिगत प्रसिद्ध केली. त्यांचं निम्म्यापासून ते पंच्याण्णव टक्क्यांपर्यंत अंग भाजलेलं होतं! १९९६ मध्ये अमेरिकन सरकारने या त्वचेला मान्यता दिली. आपल्या देशातही असं काम चालू आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने डुकराच्या पित्ताशयापासून केलेल्या जखमेवरच्या आवरणाला २०२३ मध्ये सरकारी मान्यता मिळाली.

अजून काय बाकी आहे?

बरंच काही! या नव्या त्वचेला घाम येत नाही आणि तिच्यावर केस उगवत नाहीत. जाळीखाली जंतू शिरले तर सगळी मेहनत वाया जाते. शिवाय ती महागही आहे. घाम येणारी त्वचा बनवणारा शास्त्रज्ञ कदाचित आत्ता हे पान वाचत असेल, कोण जाणे!

तोवर एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. भाजलं तर जखम लगेच नळाच्या साध्या, वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरायची. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद यांतलं काहीही लावायचं नाही. फोड फोडायचे नाहीत. मग स्वच्छ कापडाने झाकून डॉक्टरांकडे जायचं. दिवाळीत फटाके उडवताना अंगात सुती कपडे आणि शेजारी पाण्याची बादली हवीच.

कारण शास्त्रज्ञांनी कितीही हुशारीने जाळी विणली, तरी आपल्या अंगावरच्या मूळ त्वचेची सर तिला अजून आलेली नाही!